पुढच्या गाडीला हाक कशी मारायची?

गेल्या दिवाळीच्या सुट्टीतली गोष्ट. आमच्या रामदासपेठेतली दोन कुटुंबे पेंचच्या जंगलाकडे निघाली. पुढे भाड्याने घेतलेली कॅराव्हॅन, म्हणजे झोपायच्या फळ्या, छोटे स्वयंपाकघर आणि शीतपेटी असलेली घरासारखी गाडी, मागे जीप. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून अशा गाडीचे आपल्याकडे बरेच कुतूहल आहे. मुलांनी हट्ट करून दोन वॉकीटॉकीही बरोबर घेतले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१० किलोमीटरपर्यंत’ असे छापलेले होते.

कामठी, मनसरपर्यंत सगळे सुरळीत झाले. महामार्ग सोडून सिल्लारीच्या रस्त्याला लागल्यावर मोबाईल फोन मुके झाले. कॅराव्हॅन मुक्कामाच्या जागी पोचली. जीपचा पत्ता नाही. पंधरा मिनिटे गेली, वीस गेली. जीपमध्ये आजी होत्या आणि त्यांची जेवणापूर्वीची इन्सुलिनची कुपी कॅराव्हॅनच्या शीतपेटीत होती. भाच्याने गाडीत बसूनच संचाचे बटण दाबले. “जीप, जीप, ऐकू येतंय का? ओव्हर.” उत्तर नाही. पुन्हा हाक, पुन्हा नुसती खरखर. जीप मागे थांबली होती, की फाट्यावर चुकून दुसऱ्याच रस्त्याला लागली होती? हे कळल्याशिवाय मागे जाऊन शोधायचे तरी कुठे?

मामा म्हणाले, “अरे, गाडीत काय बसलास? गच्चीवर जा!” भाचा संच घेऊन इमारतीच्या गच्चीवर गेला. तिथून तिसऱ्या हाकेला बारीक, तुटक आवाज आला : “चाक पंक्चर... फाट्यापासून पुढे आलो... आजी ठीक आहेत. ओव्हर.” जीप फक्त चार किलोमीटर मागे होती, आणि तिच्यातला दादाही नेमका त्याच वेळी संच घेऊन खाली उतरून रस्त्यावर उभा होता. मामा तिथल्या एका दुचाकीवरून कुपी घेऊन गेले आणि आजींचे जेवण वेळेवर झाले.

दहा किलोमीटरचा संच चार किलोमीटरवर का अडला? आणि गच्चीवर जाताच का बोलू लागला? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधताना रेडिओचे बरेचसे शास्त्र आपोआप समजते. चला, शोधू या.

ऐकणारा रेडिओ आणि बोलणारा रेडिओ

आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. आपल्या घरातला ट्रान्झिस्टर हा त्या केंद्राचा नुसता श्रोता. तो ग्राही आहे. त्याला बोलता येत नाही. वॉकीटॉकीत मात्र ग्राही आणि प्रेषक असे दोघे एकाच डबीत राहतात. बोलताना प्रेषक काम करतो, ऐकताना ग्राही. दोघांचा एरियल मात्र एकच.

दोघे एकाच वेळी काम का करीत नाहीत? फोनवर आपण एकमेकांचे बोलणे मध्येच तोडू शकतो. इथे ‘ओव्हर’ म्हणून बटण सोडावे लागते ते का? एक हिशेब करा. चांगल्या संचाच्या ग्राहीला एरियलवर एका व्होल्टच्या दशलक्षांश भागाचा पाव हिस्सा इतका दाब मिळाला तरी पुरतो. ग्राहीचा रोध ५० ओहम धरला, तर ही शक्ती भरते सुमारे ०.०००००००००००००००१२५ वॅटच्या दहापट, म्हणजे दशांश चिन्हानंतर चौदा शून्ये आणि मग १२५. उलट त्याच डबीतला प्रेषक अर्धा वॅट बाहेर टाकतो. दोहोंत सुमारे ४०० लाख कोटी पटींचा फरक! कानाशी नगारा वाजत असताना दूरच्या मुंगीची पावले ऐकण्यासारखेच हे. म्हणून दोन्ही गाड्या एकच वारंवारिता वापरतात आणि पाळीपाळीने बोलतात. मोबाईल फोनमध्ये बोलण्याची वाट आणि ऐकण्याची वाट वेगळी ठेवतात किंवा वेळेचे अतिसूक्ष्म तुकडे वाटून देतात, म्हणून तिथे आपल्याला पाळी जाणवत नाही. पण मोबाईलला मनोरा लागतो. मनोरा नाही तर फोन नाही. वॉकीटॉकीत दोन संचांमध्ये तिसरा कोणी नसतो. हेच त्याचे बळ आणि हीच त्याची मर्यादा.

लहरीची लांबी

रेडिओची लहर प्रकाशाच्याच वेगाने, सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाते. सेकंदाला तिची जितकी आवर्तने होतात, तिला तिची वारंवारिता म्हणतात. एका आवर्तनात ती जितकी पुढे जाते, ती तिची तरंगलांबी. सूत्र सोपे आहे : ३०० ला वारंवारितेच्या मेगाहर्ट्झमधल्या आकड्याने भागा, तरंगलांबी मीटरमध्ये मिळेल.

मुलांचे संच ४४६ मेगाहर्ट्झचे होते. म्हणजे सेकंदाला ४४ कोटी ६० लाख आवर्तने. ३०० भागिले ४४६ म्हणजे सुमारे ०.६७ मीटर. एरियल साधारणपणे तरंगलांबीच्या पाव हिश्श्याएवढा असला की चांगले काम करतो. ६७ सेंटिमीटरचा पाव हिस्सा सुमारे १७ सेंटिमीटर. खिशात मावणाऱ्या संचाला हा एरियल शोभतो. कंपन्या तो गुंडाळून आणखी आखूड करतात.

आता २७ मेगाहर्ट्झ घ्या. तरंगलांबी ११ मीटर आणि पाव हिस्सा पावणेतीन मीटरच्या वर. अमेरिकेतल्या ट्रकांवर डुलणाऱ्या लांबलचक काठ्यांचे चित्र तुम्ही पाहिले असेल, ते हेच. तिथे १९५८ मध्ये सामान्य नागरिकांसाठी २७ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला झाला, त्याला सिटिझन बँड म्हणतात. १९७३ च्या तेलटंचाईत कुठल्या पंपावर डिझेल मिळेल हे ट्रकवाले एकमेकांना याच रेडिओवरून सांगत, आणि तिथून हा रेडिओ घरोघरच्या मोटारींत पोचला. १९७७ पासून त्याला ४० वाहिन्या मिळाल्या. त्यांतली नववी संकटकाळासाठी राखलेली आहे.

गाडी म्हणजे पत्र्याची पेटी

पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथे आहे. गाडीचा सांगाडा पत्र्याचा. धातूच्या बंद पेटीत बाहेरची विद्युतचुंबकीय लहर शिरत नाही, आतली बाहेर पडत नाही. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये धातूने मढवलेल्या खोलीत बसून विद्युतभाराच्या बाबतीत याच्याशी नाते सांगणारा प्रयोग केला होता. गाडी पूर्ण बंद पेटी नसते, तिला काचेच्या खिडक्या असतात. छिद्र तरंगलांबीच्या मानाने मोठे असेल तर लहर त्यातून बरीच निसटते, लहान असेल तर अडते. ६७ सेंटिमीटरची लहर जीपच्या खिडकीतून काही प्रमाणात बाहेर पडते. ११ मीटरच्या लहरीला मात्र तीच खिडकी म्हणजे सुईचे भोक. म्हणूनच २७ मेगाहर्ट्झचा संच गाडीत बसवताना एरियल टपावरच हवा.

भाचा कॅराव्हॅनमध्ये, चहूबाजूंनी पत्रा आणि फर्निचर यांच्या मधे बसून हाका मारीत होता. त्याच्या अर्ध्या वॅटमधला बराच भाग गाडीतच अडकला.

उंचीचा हिशेब

आता उरलेले अर्धे उत्तर. पृथ्वी गोल आहे. जमिनीपासून ‘उ’ मीटर उंचीवर डोळा असेल, तर क्षितिज ३.५७ गुणिले ‘उ’चे वर्गमूळ इतक्या किलोमीटरवर दिसते. हातातला संच १.५ मीटर उंच धरला, तर क्षितिज सुमारे ४.४ किलोमीटरवर. समोरचाही तितक्याच उंचीवर असेल, तर दोघांमध्ये ८.७ किलोमीटरपर्यंत सरळ रेषा निघते. वातावरणात रेडिओलहर किंचित खाली वाकते, त्यामुळे तिचे क्षितिज आणखी सुमारे १५ टक्के लांब. म्हणजे १० किलोमीटर. खोक्यावरचा आकडा असा येतो! तो खोटा नाही, पण त्यात झाड नाही, घर नाही, उंचवटा नाही, पत्र्याची गाडीही नाही. समुद्रावर तो खरा ठरू शकेल. पेंचच्या सागवानात नाही.

शिवाय क्षितिजाच्या आतही सगळे आलबेल नसते. प्रेषकाकडून ग्राहीकडे दोन लहरी पोचतात : एक थेट आणि दुसरी जमिनीवरून परावर्तित होऊन. परावर्तनात लहर उलटी होते. दोन्ही संच जमिनीलगत असले की दोन्ही वाटांची लांबी जवळजवळ सारखीच असते, आणि सुलटी व उलटी लहर एकमेकींना बऱ्याच अंशी मारून टाकतात. त्यामुळे मोकळ्या आकाशात अंतर दुप्पट झाले तर शक्ती चौथाई होते, पण जमिनीलगत ती सोळावा हिस्सा होते. याचा सरळ अर्थ असा की पल्ला दुप्पट करायचा तर प्रेषकाची शक्ती सोळापट करावी लागेल. अर्ध्या वॅटच्या जागी आठ वॅट!

पण याच गणिताची दुसरी बाजू फार सुखाची आहे. संचाची उंची दुप्पट केली की पोचणारी शक्ती चौपट होते. उंची चौपट केली की सोळापट. भाचा जमिनीपासून दीड मीटरवरून गच्चीवर साधारण सहा मीटरवर गेला. उंची चौपट, म्हणजे पल्ला दुप्पट. बॅटरी तीच, संच तोच, एक पैशाचा खर्च नाही. वर गाडीचा पत्रा सुटला, आणि तिकडे दादा जीपबाहेर उभा राहिल्याने त्याच्याही बाजूचा पत्रा सुटला. झाडीमुळे नेमके आकडे थोडे बदलतील, पण गच्चीने काय जादू केली ते आता स्पष्ट झाले.

हीच युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली की पुनःप्रेषक, म्हणजे रिपीटर तयार होतो. टेकडीवर किंवा उंच इमारतीवर एक संच ठेवायचा. तो खालच्या गाडीचे बोलणे एका वारंवारितेवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर पुढे पाठवतो. टेकडी आसपासच्या जमिनीहून १०० मीटर उंच असेल, तर दीड मीटरवरच्या गाडीशी तिची सरळ रेषा ४० किलोमीटरपर्यंत जाते. जंगलात वनरक्षकांच्या हातात जे बिनतारी संच तुम्ही पाहता, त्यांच्यामागे अशा उंच एरियलचा आधार असतो.

आवाज लहरीवर कसा बसतो?

लहर नुसतीच गेली तर पलीकडे काहीच ऐकू येणार नाही. तिच्यावर आवाज चढवावा लागतो. एक रीत अशी : आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त करायची, हे ए.एम. दुसरी रीत : उंची कायम ठेवून वारंवारिता किंचित मागेपुढे करायची; हे एफ.एम. विजेच्या ठिणग्या, इंजिनाची फडफड हे सगळे लहरीच्या उंचीत गोंधळ घालतात, वारंवारितेत फारसा नाही. म्हणून धावत्या गाडीला एफ.एम. अधिक मानवते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांनी पाठीवर वाहिलेला एस.सी.आर.-३०० हा संच एफ.एम. होता आणि ‘वॉकीटॉकी’ हे नाव त्यालाच चिकटले.

एफ.एम.ची एक खोड मात्र ध्यानात ठेवा. दोघे एकदम बोलले, तर बलवान लहर दुबळ्या लहरीला पूर्ण गिळते. दुबळा बोलत होता हेही कळत नाही. विमानांचे रेडिओ अजून ए.एम. वापरतात, त्यामागचे एक कारण हेच : तिथे दोघे एकदम बोलले तर शिटीसारखा आवाज होऊन निदान टक्कर झाल्याचे तरी समजते. तेव्हा आपली बडबड लांबवू नका. मदत मागणारा दुबळा आवाज तुमच्या बटणाखाली दडपला जात असेल.

कायदा काय म्हणतो?

हवेतल्या लहरींना कुंपण नसते. एकाचा संच दुसऱ्याच्या कामात व्यत्यय आणू शकतो. तो दुसरा रुग्णवाहिका, पोलीस किंवा विमानतळ असू शकतो. म्हणून भारतात १९३३ च्या कायद्यापासून बिनतारी संच परवान्याशिवाय बाळगता येत नसे. एके काळी साधा रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कार्यालयातून परवाना काढावा लागे, हे आजोबांना विचारा. २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा आला, पण मूळ तत्त्व कायम आहे.

काही अरुंद पट्टे मात्र कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केलेले आहेत. २७ मेगाहर्ट्झजवळचा नागरिक पट्टा २००५ मध्ये मोकळा झाला. तिथे मर्यादा ५ वॅटची. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा २०१८ च्या नियमांनी मोकळा झाला. बाजारात मिळणारे पुष्कळसे स्वस्त संच या पट्ट्याबाहेरही बोलतात, आणि ते परवान्याशिवाय वापरणे गुन्हा आहे. अशा संचांच्या ऑनलाईन विक्रीला आळा घालण्यासाठी २०२५ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा घेताना वारंवारिता आणि सरकारी मान्यता दोन्ही पाहा, आणि एरियल किंवा शक्ती वाढवण्याच्या फंदात पडू नका. जंगलाच्या प्रवेशद्वारावर आधी विचारा. संच आत नेऊ नका असे सांगितले तर तो मुकाट्याने बंद करून ठेवा.

ज्यांना याहून पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी हॅम म्हणजे हौशी रेडिओचा मार्ग आहे. १२ वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींना सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळू शकतो. विजेचे प्राथमिक ज्ञान आणि नियम यांची ही परीक्षा असते. वरच्या श्रेणीला मोर्स संकेतलिपीही येते. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानात टेलिफोन बंद पडले असताना हॅम मंडळींनीच निरोप पोचवले.

प्रवासाची शिस्त

यंत्र चांगले असून भागत नाही. वापरणाऱ्यांचे आधी ठरलेले असावे लागते. निघण्यापूर्वी दोन्ही गाड्यांतल्या मंडळींनी पुढील गोष्टी ठरवाव्यात.

१. संच चालकाच्या हातात कधीही द्यायचा नाही. शेजारी बसणाऱ्याने बोलायचे.

२. प्रत्येक गाडीला नाव द्यायचे. आधी समोरच्याचे नाव, मग आपले : “जीप, मी कॅराव्हॅन.” बटण दाबून क्षणभर थांबून मग बोलायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो.

३. दर पंधरा मिनिटांनी हाक मारायची. फाटा आला की पुढच्या गाडीने वळण्यापूर्वी सांगायचे आणि मागच्या गाडीने ‘कळले’ म्हणेपर्यंत वळायचे नाही.

४. तीन हाकांना उत्तर नाही, तर पुढच्या गाडीने पहिल्या सुरक्षित जागी रस्त्याबाहेर थांबायचे, एकाने खाली उतरून उंचावर जायचे. मागच्या गाडीनेही तेच करायचे. दोघांनी आधी ठरवले असेल तरच हे साधते.

५. आपले बोलणे कुणीही ऐकू शकतो. संचावरच्या ‘खासगी संकेता’ने दुसऱ्यांचा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, इतकेच, आपला आवाज लपत नाही. घराचा पत्ता, पैशाची गोष्ट हवेत बोलू नये.

६. फोनला रेंज असेल आणि संकट मोठे असेल तर आधी ११२ क्रमांक लावा. रेडिओ हा फोनचा पर्याय नव्हे, जोडीदार आहे.

आणि सातवी गोष्ट, जी कुठल्याही यंत्राच्या पुस्तिकेत नसते : ज्याचे औषध त्याच्याच गाडीत ठेवा. रेडिओने त्या दिवशी जी चूक सावरली, ती मुळात सामान भरताना झाली होती. परतताना आजींनी थंड पिशवीत घालून कुपी स्वतःच्या मांडीवर घेतली.

करून पाहा

१. घरातला एफ.एम. ट्रान्झिस्टर एखाद्या केंद्रावर लावा आणि एरियलसकट ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खात, पोळ्या गुंडाळतात त्यात, सगळ्या बाजूंनी गुंडाळा. केंद्र हरपून खरखर उरते का? आता वर्खाला आधी करंगळीएवढे, मग तळहाताएवढे आणि मग आणखी मोठे भोक पाडून पाहा. १०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी ३ मीटर आहे हे लक्षात ठेवून निरीक्षणाचे कारण लिहा.

२. परवानामुक्त पट्ट्यातले दोन संच मिळाले, तर शिक्षकांबरोबर रामदासपेठेचा ‘ऐकू येण्याचा नकाशा’ बनवा. एक गट लेंड्रा पार्कजवळ जमिनीवर उभा राहील. दुसरा गट धंतोलीच्या आणि पंचशील चौकाच्या दिशेने पदपथावरून चालत जाईल आणि दर शंभर पावलांवर हाक मारील. स्वच्छ, तुटक, काहीच नाही, अशा तीन खुणा नकाशावर करा. मग पहिल्या गटाने कठडा असलेल्या उंच गच्चीवर जाऊन तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही नकाशे शेजारी ठेवा. उंच इमारतींच्या सावल्या नकाशावर कुठे पडल्या?

३. गणित : दोन्ही संच १.५ मीटर उंचीवर असताना आवाज १.२ किलोमीटरपर्यंत पोचतो. एक संच १३.५ मीटर उंच गच्चीवर नेला, तर जमिनीलगतच्या नियमाप्रमाणे पल्ला किती होईल? (सूचना : उंची नऊपट, म्हणून शक्ती एक्याऐंशी पट; पल्ला चौथ्या मुळाच्या पटीत वाढतो.) उत्तर ३.६ किलोमीटर आले, तर तुम्हाला हा धडा समजला. तुमच्या नकाशावर ते कमी भरले, तर का, याचा विचार करा. तिथूनच पुढचा धडा सुरू होतो.